तुती, जांभळं आणि फ्रिजचा वरचा कप्पा : २०२४ च्या उन्हाळ्याच्या नोंदी

आमच्या नागपुरातल्या त्रिमूर्तीनगरच्या घरामागे तुतीचं एक झाड आहे. नऊ वर्षांपूर्वी आईने माहेराहून, काटोलकडून, एक काडी आणून खोचली होती. दर मार्चला मागची फरशी जांभळी, शेजारच्या काकूंची पांढरी गाडी जांभळी, आणि खाण्यात येणार ती मूठभर फळं. यंदा ठरवलं की जेवढं हाती लागेल तेवढं तोडायचं, केकात घालायचं, उरलेलं गोठवायचं. कुणाकडे असं झाड असेल तर त्याचे रविवार आणि पैसे वाचावेत म्हणून लिहून ठेवतोय.

१४ जानेवारी, रविवार

छाटणी. आईचं बालपण संत्र्याच्या बागेत गेलं, त्यामुळे तिला प्रत्येक झाड संत्र्याचंच वाटतं. डिसेंबरच्या शेवटापासून तिने तुतीचं पाणी तोडलं होतं. "ताण बसल्याशिवाय बहार येत नाही बापू. झाडाले सुखात ठेवशील तर नुसती पानंच देईन ते." तुतीला संत्र्याइतका ताण लागतो की नाही माहीत नाही, पण छाटणीचं तिचं म्हणणं बरोबर निघालं. तुतीला फळ येतं ते नव्या फुटव्यावर, पानाच्या बगलेत. जुनी फांदी तशीच ठेवली तर शेंड्याला चार फळं लागतात आणि ती पाखरांची असतात.

छातीच्या उंचीवर सगळं कापलं. करवतीचं पातं १८० रुपये, वेळ अडीच तास. नंतर आळं करून दोन घमेली शेणखत आणि पोटभर पाणी.

चूक इथेच झाली. कंपाउंडकडच्या दोन उंच फांद्या "सावलीला राहू दे" म्हणून सोडल्या. त्या दोन फांद्यांवर पुढे जे काही लागलं त्यातलं एकही फळ मला मिळालं नाही. धनेशाची जोडी रोज सकाळी येऊन बसायची, चोच वर करून एकेक फळ घशात टाकायची. बघायला छान वाटतं, पण पुढल्या वर्षी त्या फांद्या राहणार नाहीत.

आणखी एक. तुतीवर मराठीत जी माहिती सापडते ती जवळपास सगळी रेशमाची. राज्याचं रेशीम संचालनालय आपल्या नागपुरातच आहे, पण रेशीमवाल्याला अळ्यांना खायला पान हवं असतं. तो वर्षातून चार-पाचदा झाड खालून कापतो. फळासाठी तसं करायचं नाही. एकच छाटणी, थंडी सरता सरता.

२५ फेब्रुवारी

हिरवी फळं लाल व्हायला लागली. मुंगळे आले. खोडाला जुन्या कापडाची पट्टी गुंडाळून तिला एरंडेल लावलं. चार दिवस चाललं, मग पुन्हा लावलं.

३ मार्च, रविवार

पहिली तोडणी, आणि जे जे करू नये ते सगळं केलं.

खाली जुनी चादर अंथरली आणि फांद्या हलवल्या. पाच मिनिटांत दोन किलो तीनशे ग्रॅम. खूश झालो. मग बघतो तर निम्मी लाल, काही तर हिरवीच, आणि जी पिकलेली होती ती वरून पडून फुटलेली. निवडून एक किलो चारशे उरली. लाल तुती घरात ठेवून पिकत नाही, हे तेव्हा कळलं. मऊ होते, पण गोड होत नाही.

दुसरं म्हणजे सगळी खोल पातेल्यात भरून धुतली. वरची ठीक, खालच्या चार बोटांचा रसच झाला. पसरट परातीत, एका थरात ठेवायला हवी होती.

तिसरं, वेळ. नाश्ता करून नऊला सुरुवात केली. साडेदहापर्यंत परातीतली फळं हाताला कोमट लागत होती आणि घोंगावणाऱ्या माश्या मोजवत नव्हत्या.

बोटं काळीजांभळी झाली. साबणाने धुतली तर डाग जायच्या ऐवजी निळसर झाला. पोरगी म्हणाली, "बाबा, तुमचे हात शाईच्या दौतीत बुडवल्यासारखे दिसून राहिले." आईने कच्ची लाल तुती हातावर चोळायला दिली. त्याने बराच उतरला. हा साबणाचा निळा रंग मी तिथेच विसरलो. विसरायला नको होता.

४ मार्च

देठ. तुतीला जो बारका हिरवा देठ असतो तो ओढला तर अर्धं फळ सोबत येतं. भरतकामाची छोटी कात्री (६० रुपये, बर्डीच्या बाजारातून) घेऊन बसलो. एका किलोला चाळीस मिनिटं लागली. आईचं मत : "कायले कापून राहिला? देठ खाऊन कोणी मरत नाही." तिचा मान ठेवून मूठभर तसेच ठेवले. पुढे केकात ते दाताखाली गवताच्या काडीसारखे आले. कापायलाच हवेत.

रात्री उरलेली सव्वा किलो फळं एका प्लास्टिकच्या डब्यात भरून फ्रीझरला टाकली आणि झोपलो.

७ मार्च

डबा काढला. आत जांभळ्या रंगाची एक वीट. वाटीभर हवी होती, तर उलथण्याने खोदली, उलथणं वाकलं, मग खलबत्त्यातला बत्ता आणला. बायको म्हणाली, "केक करून राहिलास की विहीर खणून राहिलास?" सगळी वीट वितळवून सरबत केलं. सरबत उत्तम झालं, पण सव्वा किलो फळं मी एवढ्यासाठी तोडली नव्हती.

१० मार्च, रविवार

दुसरी तोडणी. या वेळी सहाला झाडाखाली. हलवणं बंद. फळ पूर्ण काळं असेल आणि बोट लावताच सुटून हातात येत असेल तरच घ्यायचं. जरा जरी ओढावं लागलं तरी सोडून द्यायचं, परवा घ्यायचं. झाड एक आड एक दिवस तोडावं लागतं. आठवड्याची एक मोठी तोडणी हा माझा शहरी हिशोब होता, झाडाला रविवार कळत नाही.

साडेसातपर्यंत एक किलो नऊशे, आणि वाया गेलेली जेमतेम शंभर ग्रॅम.

गोठवण्याची नवी पद्धत :

परातीत एका थरात धुतली, चाळणीत निथळली, सुती पंचावर पंख्याखाली वीस मिनिटं. ओली गेली की बर्फ धरतात आणि एकमेकांना चिकटतात. मग खालच्या कप्प्यात तासभर गार केली. मग स्टीलच्या ताटात बटर पेपर घालून, फळाला फळ लागणार नाही अशी मांडली आणि फ्रीझरमध्ये चार तास. खडखडीत झाली की पाव-पाव किलोच्या झिप पिशव्यांत भरली, हवा दाबून काढली आणि वर तारीख लिहिली.

फळं सुटी राहिली. पिशवी हलवली की गारगोट्यांसारखी वाजते.

देठ गोठल्यावर कापून पाहिले. गोठलेलं फळ चिमटीत धरलं तरी फुटत नाही, बोटं रंगत नाहीत. पण दहा मिनिटांत बोटं बधिर होतात. मी दोन टप्प्यांत करतो.

तरी एक घोटाळा झालाच. उत्साहात तिन्ही ताटं एकदम आत सरकवली. आमचा फ्रिज डबल डोअर, वरचा कप्पा साधारण साठ लिटर. संध्याकाळी पोरीचं आइस्क्रीम पातळ झालेलं होतं, त्यावर घरात एक सुनावणी झाली. दुसऱ्या दिवशी फ्रीझरचा थर्मामीटर आणला, २६० रुपये. रिकामा असताना उणे १७, एक ताट घातलं तर उणे १४, तीन ताटं घातली तर उणे ८ पर्यंत चढला आणि उतरायला रात्र लागली. हळू गोठलं की फळात बर्फाचे खडे मोठे होतात, ते आतून फळ फाडतात आणि वितळल्यावर नुसतं पाणी सुटतं. तेव्हापासून एका वेळी एकच ताट, साधारण सहाशे ग्रॅम. बाकीची खालच्या कप्प्यात थांबतात.

१७ मार्च, रविवार

पहिला केक. आईला अंडं चालत नाही, म्हणून दह्याचा. अर्धी वाटी दही, एक छोटा चमचा खायचा सोडा, मैदा, तेल, साखर. पीठ इडलीच्या पिठाएवढं पातळ. वरून ताजी तुती टाकली. ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या भट्टीत, १८० अंशावर चाळीस मिनिटं.

कापला तर सगळी तुती तळाला जाऊन बसलेली, आणि प्रत्येक फळाभोवती हिरवट-राखाडी कडं. शेवाळलेल्या टाकीच्या काठासारखं. चव बरी होती, किंचित साबणासारखी. पोरीने बघूनच नाही म्हटलं. आईने डोळे मिटून एक तुकडा खाल्ला, लेकाचं मन राखायला. साधारण २३० रुपयांचं सामान गेलं.

२० मार्च, रात्र

तीन वाट्या घेतल्या. तिन्हीत एकेक चमचा तुतीचा रस आणि थोडं पाणी. पहिलीत लिंबाचे चार थेंब : रस झटकन लालभडक, कोकमासारखा. दुसरी तशीच ठेवली, जांभळी. तिसरीत चिमूटभर सोडा : आधी निळा, मग ढवळताना हिरवट, आणि पाच मिनिटांनी तोच मळकट रंग जो रविवारी केकात होता.

म्हणजे साबणाने हात निळे झाले होते तेव्हाच उत्तर समोर होतं. तुतीचा, जांभळाचा, लाल कोबीचा रंग एकाच जातीचा, अँथोसायनिन म्हणतात. आंबटात लाल, सोड्यात निळा-हिरवा. माझ्या केकात अर्ध्या वाटी दह्याला सोडा हवा त्याच्या दुपटीहून जास्त होता. दह्याचा आंबटपणा संपला आणि सोडा उरला. साबणाची चवही त्याचीच.

पोरीने वाट्या शाळेच्या प्रयोगासाठी मागितल्या. सकाळी तिसरीत मुंग्या होत्या.

२५ मार्च, धुळवड

काल दुसरा केक केला. सोडा बंद, नुसती बेकिंग पावडर, वर एक चमचा लिंबाचा रस. रंग सुंदर, फळाभोवती गुलाबी-जांभळं. पण तुती पुन्हा तळाला. मैद्यात घोळवून टाकली होती, सगळीकडे लिहिलेलं असतं तसं. घोळवण्याने फार काही होत नाही, पीठ पातळ असेल तर मैद्याचा कोट घालूनही बुडायचं ते बुडतंच.

धुळवडीला रंग विकत आणला नाही. फुटलेल्या तुतीची बादली होती. काकूंच्या गाडीपासून लांब खेळायचं ही अट.

३१ मार्च, रविवार

जमला. ही मापं मी नंतरही बदलली नाहीत :

मैदा २०० ग्रॅम, बटर १००, पिठीसाखर १५०, घट्ट दही १५०, दूध पाव वाटी, बेकिंग पावडर दोन छोटे चमचे सपाट, चिमूट मीठ, एका लिंबाची किसलेली साल आणि चमचाभर रस. तुती १५० ग्रॅम. सात इंची डबा.

बटर-साखर फेटायची, दही घालायचं, मैदा दोनदा चाळून कालवायचा. दूध शेवटी आणि लागेल तेवढंच. पीठ भज्याच्या पिठापेक्षा दाट हवं, चमचा उलटा केला तर पडायला वेळ लागला पाहिजे. डब्यात आधी निम्मं पीठ नुसतं, फळ न घालता. उरलेल्या निम्म्यात शंभर ग्रॅम तुती, दोनच वळसे. पन्नास ग्रॅम वरून खोचायची. १८० अंश, ४५ मिनिटं.

तळाचं पीठ आधी धरतं, फळाला खाली जायला जागाच राहत नाही. कापल्यावर तीन थरांत फळ दिसलं. आईने दुसरा तुकडा मागितला, म्हणजे पहिला मन राखायला नव्हता.

७ एप्रिल, रविवार

आता गोठवलेल्या तुतीचा केक. दोन फजित्या, एकाच सकाळी.

पिशवी रात्रीच बाहेर काढून ठेवली होती, "नीट सुटू दे" म्हणून. सकाळी वाटीभर रस आणि त्यात लोळणारी साल. तरी घातली. पीठ सगळं एकसारखं जांभळं, मध्ये कच्चा, कडेला करपलेला.

दुसरी फजिती बटरची. पुस्तकात लिहिलेलं असतं की बटर बाहेर काढून मऊ होऊ द्या. ते लिहिणाऱ्याचं घर नागपुरात नसतं. एप्रिलमध्ये आमच्या ओट्यावर अकरा वाजता बटर ठेवलं तर वीस मिनिटांत त्याचं तेल होतं. तेलात साखर फेटून हवा धरत नाही, केक बसतो. अर्धा किलोच्या २७५ रुपयांच्या बटरमधलं शंभर ग्रॅम असं गेलं.

शिवाय कूलर. ओटीजी, कूलर आणि मिक्सर एकाच वेळी चालले आणि स्वयंपाकघराचा एमसीबी, म्हणजे भार वाढला की वीज तोडणारा खटका, पडला. केक अर्धा फुगलेला, आत अंधार. वीज परत चालू करेपर्यंत सहा मिनिटं, तोवर मध्यभाग खचला. या केकची तीन वेगवेगळी कारणं होती, नक्की कोणत्या कारणाने तो गेला ते सांगता येत नाही. गाईला घातला.

९ एप्रिल, पाडवा

पहाटे पाचला उठून केला. घरात तेव्हा २७-२८ अंश. बटर फ्रिजमधून काढून बारीक तुकडे, दहा मिनिटं, की फेटायला तयार. तुती गोठलेलीच, पीठ डब्यात घालायच्या क्षणी फ्रीझरमधून काढली. गार फळाने पीठ लगेच घट्ट होतं, म्हणून दोन वळशांत संपवायचं. तापमान १७०, वेळ ५८ मिनिटं. ताज्या फळापेक्षा बारा-तेरा मिनिटं जास्त लागतात, वर रंग आला की अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा झाकायचा.

ताज्या तुतीच्या केकापेक्षा हा चांगला झाला. गोठलेलं फळ उशिरा फुटतं, तोवर पीठ धरलेलं असतं. हे मला अपेक्षित नव्हतं.

गुढी उभारून सगळ्यांना श्रीखंडाच्या शेजारी केक वाढला. आईला हे पटलं नाही, पण ती बोलली नाही.

१९ एप्रिल

मतदानाचा दिवस, सुट्टी. सकाळी शेवटची तोडणी, जेमतेम चारशे ग्रॅम, तीही बारीक आणि उन्हाने सुकल्यासारखी. मोसम संपला. वहीत बेरीज केली : एकूण नऊ किलो दोनशे. त्यातली साडेचार किलो फ्रीझरमध्ये, दीड किलो केकांत, बाकी सरबत, शेजारी, आणि पोरीचं पोट.

बोटाला शाई लागली. इतर नऊ बोटं आधीच तशी होती.

मेचा दुसरा आठवडा

संध्याकाळी वादळ, कुठेतरी झाड तारेवर पडलं, वीज गेली ती पहाटे आली. नऊ तास.

फ्रीझरचं दार बंद राहिलं असतं तर बहुतेक काही झालं नसतं. गच्च भरलेला फ्रीझर दार न उघडता बराच वेळ थंडी धरतो. मी मात्र दर दोन तासांनी मोबाईलचा टॉर्च घेऊन "बघतो जरा" करत चार वेळा दार उघडलं. आमचा कप्पा अर्धाच भरलेला होता, म्हणजे प्रत्येक वेळी आतली सगळी गार हवा खाली सांडली. सकाळी काटा उणे २ वर. वरच्या पाच पिशव्या मऊ, खालच्या बर्फाळ पण ठीक.

मऊ झालेली पुन्हा गोठवली नाहीत, चिखल होतो. सव्वा किलोचा जॅम केला. किलोला सहाशे ग्रॅम साखर आणि दोन लिंबं. तुतीत आंबटपणा कमी, लिंबाशिवाय जॅम नुसता पाक राहतो. गार बशीवर थेंब टाकून बोटाने रेघ ओढायची, रेघ मिटली नाही की झालं. मे महिन्यात दुपारी गॅससमोर पाऊण तास ढवळत उभं राहणं हा वेगळा हिशोब, तो रुपयांत नाही.

उपाय : फ्रीझरमधल्या मोकळ्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या, गळ्यापर्यंत नाही, वर तीन बोटं सोडून. आणि दारावर चिकटपट्टी लावून पोरीने लिहिलं : "बाबांनी उघडू नये."

३० मे

नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. दुपारभर मोबाईलवर नागपूर ५६ अंश अशी बातमी फिरत होती, नंतर कळलं की यंत्राचा सेन्सरच बिघडला होता. आम्ही मात्र ती दुपार ५६ धरूनच काढली. तोडायला काही नाही, भाजायची हिंमत नाही. गोठलेली तुती वाटीत घेऊन तशीच खाल्ली. एवढ्या खटाटोपात सगळ्यात चांगला उपयोग बहुधा हाच.

बर्डीवर फालसे दिसले. पाव किलो घेतले, घरी येईस्तोवर पिशवीचा तळ ओला. फालसे म्हणजे तुतीचाही बाप, नाजूकपणात. ताटावर गोठवून पाहिले, गोठतात चांगले, पण बी मोठी आणि गर नावाला. केकाचा विचार सोडला. मीठ-जिरं घालून सरबत.

९ जून, रविवार

मृग लागला. आता जांभळं. आमच्या ओळीच्या टोकाला रिकाम्या प्लॉटवर जुनं झाड आहे, मालकाला विचारून ठेवलं होतं.

जांभळाच्या झाडावर चढू नका. फांदी दिसायला मांडीएवढी असते आणि कसलीही चाहूल न देता काडकन जाते. आईने आधीच दम दिला होता. बांबूला हूक लावून फांदी नुसती हलवली आणि खाली चौघांनी जुनी मच्छरदाणी चार कोपऱ्यांना धरली. तुतीला हलवणं चूक होतं, जांभळाला तेच बरोबर, कारण पिकलेलं जांभूळ आपणहून सुटतं आणि त्याची साल जरा सोसणारी असते. मच्छरदाणी ताणून धरायची नाही, झोळी सोडायची. पहिल्यांदा ताणली तर जांभळं उसळून बाहेर गेली, पोरं हसून लोळली.

तासाभरात सहा किलो, चार घरांत वाटून आम्हाला दीड. मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं, काही अळ्या वर आल्या, म्हणून ही पायरी टाळू नका. निम्मी बीसकट ताटावर गोठवली. निम्मी चाळणीवर चोळून गर काढला, पाऊण किलोचा साधारण साडेचारशे ग्रॅम. बिया आईने वाळत टाकल्या, शुगरवर चूर्ण घेते ती. डॉक्टरांची गोळी बंद करायची नाही एवढंच माझं म्हणणं.

१६ जून

जांभळाचा केक. त्याच मापात, तुतीच्या जागी गर. रंग फिका राखाडी-जांभळा, आणि तोंडात असं कोरडं की जीभ टाळूला चिकटते. जांभळाचा तुरटपणा भाजल्याने जात नाही, उलट साखर-बटरच्या मधून तोच वर येतो. साखर वाढवून दुसरा केला, तोही गोड आणि तुरट, दोन्ही एकदम. जांभूळ केकाचं फळ नाही. कुणी करून दाखवला तर मी खाऊन बघेन, पण स्वतः आणखी बटर घालवणार नाही.

उरलेल्या गरात साखर, सैंधव, लिंबू आणि थोडं भाजलेलं जिरं घालून कुल्फीच्या साच्यांत गोठवलं. बारा कांड्या. संध्याकाळी गल्लीतल्या सगळ्या पोरांच्या जिभा जांभळ्या. ही या उन्हाळ्यातली एकमेव गोष्ट जी पहिल्याच फटक्यात जमली.

२१ जून, वटपौर्णिमा

बाजारात जांभूळ आज २४० रुपये किलो, परवा १६० होतं. पूजेच्या पाच फळांत जांभूळ लागतंच. बायकोने फ्रीझरकडे बघितलं. मी म्हटलं, गोठलेलं देवाला चालतं का? तिने आईला विचारलं. आई म्हणाली, "वडाले काय, गार लागन एवढंच." पाच जांभळं काढून दिली.

खर्चाची पानंही आजच लिहिली : थर्मामीटर २६०, झिप पिशव्या ३८०, बटर पेपर १२०, कात्री ६०, पातं १८०, वाकलेलं उलथणं ९०, आणि वाया गेलेल्या चार केकांचे साधारण नऊशे. पातं, थर्मामीटर आणि कात्री पुढल्या वर्षीही चालतील. केकांचं सांगता येत नाही.

१४ जुलै, रविवार

फ्रीझरमध्ये तुतीच्या तीन पिशव्या, जांभळाची एक. मार्चमधली पिशवी उघडली : रंग ठीक, पण वर पांढुरका बर्फ आणि लसणाचा किंचित वास, कारण शेजारी आईने आलं-लसणाची पेस्ट ठेवली होती. आता पिशव्या झाकणाच्या डब्यात.

पाऊस लागलाय म्हणून झाडाच्या पाच काड्या कापल्या, पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब, दोन डोळे मातीत आणि तीन वर. काकूंनी एक मागितली. गाडीचं काय, म्हटलं. "कव्हर घेतलं नं," म्हणाल्या.

४ ऑगस्ट

पाचपैकी तीन सडल्या. कुंडीखाली बशी ठेवली होती, पाणी साचलं. दोन फुटल्या. त्यातल्या एकीला पानांसोबत दोन हिरव्या तुती लागल्यात, अजून मुळं धरायची आहेत तरी. आई म्हणते तोड ते, जीव मुळात जाऊ दे. पोरगी कुंडी घेऊन तिच्या खिडकीत ठेवून आली आहे आणि कुणाला हात लावू देत नाही.